शंखनगरीचा शेवट

मी पडदा आहे. नाटकातला नव्हे, तंबूतल्या सिनेमाचा. आता अमरावतीच्या फुलबाजारात एका दुकानावर सावली धरून ताणलेला दिसतो, त्यामुळे जुनी माणसंही मला ओळखत नाहीत. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं. तेवढ्यात माझी हकिकत सांगून घेतो.

माझं सूत वऱ्हाडातल्याच कापसाचं. अकोल्याला ताहेर शिंप्यानं कापडाचे पट्टे जोडून मला शिवलं. शिवण चित्रात दिसू नये म्हणून तो तासन्‌तास वाकून इतके बारीक टाके घालत होता, की त्याची मान आखडली. शेवटचा दोरा दातानं तोडून तो म्हणाला, "जा बाबा, तुह्यावर राजे-रानी चालतीन. माही शिवन मात्र कोनाले दिसू देऊ नको." ती कधीच कोणाला दिसली नाही. हे श्रेय त्याचं.

माझे मालक खुशालराव. त्या वेळी वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांतासोबत नागपुराहून चालायचा, आणि आमचा तंबू बैलगाडीतून गावोगाव फिरायचा. हिवरखेडचा बाजार झाला, रिद्धपूरची यात्रा झाली, नांदगाव खंडेश्वर झालं. आधी मूकपट असत. माझ्या पायाशी पेटी-तबला वाजायचा आणि एक माणूस चित्रात मधे मधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवायचा. मग बोलपट आले. माझ्या पाठीमागे भोंगा बसवला, आणि माझ्यावरच्या माणसांना वाचा फुटली.

अमरावतीला जुन्या तटबंदीच्या, परकोटाच्या बाहेरच्या मैदानावर आमचा मुक्काम लांबला. दिवसा कनाती वर गुंडाळलेल्या असत, आत गार सावली असे. खुशालरावांनी हार गुंफणाऱ्या बायकांना सांगितलं, "तंबू दिवसा रिकामाच आहे. उन्हात कशाला बसता?" तेव्हापासून शेवंती-मोगऱ्याच्या टोपल्या माझ्यासमोर येऊ लागल्या.

त्या बायकांत माणिकबाई होती आणि तिची तरुण लेक जयवंता. लहानपणी तापात जयवंताचं ऐकणं गेलं, त्यामुळे बोलणं आलंच नाही. मायलेकी हातांनी बोलत. सिनेमाचं जयवंताला भारी वेड. मूकपटात सगळेच तिच्यासारखे होते. बोलपट आल्यावर बाकीचे खूश झाले, तिच्यासाठी मात्र हातवारे कमी झाले. तरी ती पुढेच बसून प्रत्येकाचा चेहरा वाचायची.

शाळा सुटली की सत्यवतीबाई मास्तरीण फुलं घ्यायला येत. शहरात तेव्हा 'शंखनगरी' नावाच्या कादंबरीची धूम होती, आणि तिचा बोलपट येणार असं सांगत टांगे फिरत होते. बायकांनी विचारलं, "काय हाये व बाई त्याच्यात?" बाईंनी पुस्तक आणलं आणि रोज थोडं थोडं वाचायला सुरुवात केली.

गोष्ट अशी. एका जादूगारानं अख्ख्या नगरीचे आवाज काढून एका शंखात कोंडले. तारिणी नावाची मुलगी काळं रान आणि जळता डोह ओलांडून तो शंख मिळवते. पण जो शंख फोडेल त्याचा स्वतःचा आवाज कायमचा जाईल, अशी अट असते. ती शंख फोडते. सगळे बोलू लागतात, ती मुकी होते. इथं पुस्तक संपत नव्हतं. शेवटच्या प्रकरणात तिची आई हातांनी बोलायला शिकते, मग शेजारी शिकतात, मग नगरी. रोज दिवेलागणीला सगळं गाव काही वेळ गप्प राहतं आणि तिच्यासाठी हातांनी बोलतं.

बाईंनी पुस्तक मिटलं तेव्हा माणिकबाई बराच वेळ जयवंताकडे पाहत राहिली.

मग बोलपट आला. त्यात शंख फुटला, तारिणी मुकी झाली, आणि लगेच एक साधू प्रकटला. त्यानं तिच्या गळ्याला हात लावला. तारिणी भर दरबारात गायली, आईनं तिला मिठी मारली, हत्तीवरून वरात निघाली.

आणि अमरावतीत भांडण पेटलं. हॉटेलात, टांग्याच्या अड्ड्यावर, शाळेच्या ओसरीवर एकच विषय. त्याचा मुख्य आखाडा माझ्यासमोर. पुस्तकाच्या बाजूनं सत्यवतीबाई. सिनेमाच्या बाजूनं नबी टांगेवाला. नबी रोज सकाळी माणिकबाईच्या टोपल्या मळ्यातून आणायचा, दुपारी घोड्याला सावलीत बांधून तंबूत टेकायचा आणि संध्याकाळी खेळ पाहायचा.

"तिचा आवाज परत मिळाला, तर तिनं दिलं काय?" बाई म्हणायच्या. "त्या साधूनं तिचा सगळा त्याग पुसून टाकला."

"बाई, तिनं एवढं केलं. तिले काहीच भेटू नाई का?" नबी म्हणायचा. "देवाच्या घरी असा अंधार हाये काय? लोक दिवसभर राबून येतात. त्याईले रडत घरी धाडू नये."

दोघंही खरं बोलत होते असं मला वाटायचं. ऐकणारे कधी इकडे झुकायचे, कधी तिकडे.

एके दुपारी वाद चढला आणि नबीच्या तोंडून निघून गेलं, "अन्‌ मुक्या बाईले करून कोन घेईन, सांगा बरं? म्हनूनच शिनेमावाल्यानं तिचा आवाज वापस आनला."

माणिकबाईची सुई थांबली. सगळ्या बायका खाली पाहू लागल्या. जयवंताला काहीच ऐकू आलं नव्हतं. ती नेहमीप्रमाणे उठली आणि घोड्याच्या कपाळासाठी गुंफलेला गजरा हसत नबीपुढे धरला. रोज ती तो द्यायची. नबीनं तो घेतला आणि त्याचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी माणिकबाईच्या टोपल्या दुसऱ्या टांग्यातून आल्या. त्यानंतरही तसंच. ते नबीला फार लागलं. वाद बंद पडला. नबी एकटाच कोपऱ्यात बसून राहायचा.

एकदा सत्यवतीबाई लवकर आल्या तेव्हा तो म्हणाला, "बाई, म्या इतके दिवस तुमच्या पुस्तकाशी भांडलो, पन ते शेवटचं म्या ऐकलंच नाई. वाचून दाखवा बरं."

बाईंनी वाचलं. दिवेलागणीला गप्प होणारी नगरी त्यानं ऐकली. मग म्हणाला, "हे शिनेमात दाखोता आलं नसतं?"

"आलं असतं," बाई म्हणाल्या.

तो तसाच उठून माणिकबाईपुढे जाऊन उभा राहिला. "मावशी, चुकलं माह्यं."

"मले कावून सांगतं?" माणिकबाई हार गुंफत म्हणाली. "माह्या पोरीले सांग."

"तिले कसं सांगू? मले हातानं बोलता नाई येत."

"मंग शीक."

नबीनं जयवंतासमोर दोन्ही कान धरले. तिला वाटलं गंमत करतोय. तिनं घोड्याकडे बोट दाखवून विचारलं, त्याला काही झालं का? शेवटी माणिकबाईनं हात पुसले आणि त्या दिवशी नबी काय बोलला ते लेकीला हातांनी सांगितलं, काही न लपवता. जयवंताचं हसू मावळलं. ती टोपली उचलून निघून गेली. कान धरलेला नबी तिथंच राहिला.

'शंखनगरी'चा शेवटचा खेळ होता. तंबू गच्च भरला. खेड्यापाड्यांतून लोक आलेले. माणिकबाई बायकांच्या बाजूला बसली होती आणि तिच्याजवळ जयवंताही होती. नबीकडे तिनं पाहिलं नाही, पण सिनेमा सोडायला ती तयार नव्हती.

शंख फुटला, आणि त्याच वेळी माझ्या पाठीमागचा भोंगा खरखरला नि गप्प झाला. आवाजाच्या यंत्रातला दिवा गेला होता, दुसरा जवळ नव्हता. चित्र चालूच राहिलं. आधी लोकांना वाटलं, तारिणी मुकी झाली म्हणून शांतता आहे. मग दरबारातले ओठ हलताना दिसले आणि गडबड उठली. कोणी बाकडं आपटलं, मागे कोणी कनात ओढू लागलं. खुशालराव हात जोडून पुढे आले. त्यांचं बोलणं कोण ऐकतो? तंबू फाटणार, आणि माझ्याही चिंध्या होणार, असं मला दिसू लागलं.

जयवंताला कळेना, लोक का उठले. तिनं आईला विचारलं. माणिकबाईनं हातांनी सांगितलं, आवाज गेला, आता कोणाला काही समजत नाही. जयवंता आधी चकित झाली. मग हसू लागली. एवढंच? ती उठली, सरळ माझ्यापाशी येऊन प्रकाशाच्या कडेला उभी राहिली आणि हातांनी सांगू लागली. तिच्या हातांच्या सावल्या माझ्यावर पडल्या.

पहिल्यांदा ते नबीनं पाहिलं. तो बाकड्यावर चढून ओरडला, "बसा गा सारे. पोट्टी सांगून राहिली." मग वळून म्हणाला, "मावशी, ती काय म्हनते ते आमाले सांग."

माणिकबाई आयुष्यात कधी चारचौघांत बोलली नव्हती. ती उभी राहिली. लेकीचे हात पाहत एकेक शब्द बोलू लागली.

"राजा म्हनते, इले आता काय द्यावं... मायचा जीव खालीवर होऊन राहिला... साधू आला. गळ्याले हात लावला."

लोक बसले. ज्यांनी तो खेळ पुन्हापुन्हा पाहिला होता तेही ऐकत होते. माझ्यावर तारिणीनं गाण्यासाठी तोंड उघडलं. जयवंताचे हात सावकाश हलू लागले.

"तिनं तोंड उघडलं," माणिकबाई म्हणाली. "आवाज नाई निंगत. पन मायकडे पाहा. मायले सारं समजून राह्यलं. लोकाईले बी समजून राह्यलं. म्हनून माय रडते. म्हनून तिले हत्तीवर बसवलं."

 जयवंतानं तो बोलपट कितीदा पाहिला होता आणि दर वेळी हाच शेवट पाहिला होता. पुस्तक तिला कोणी सांगितलं नव्हतं. सत्यवतीबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. दिवे लागल्यावर लोक शांतपणे बाहेर पडले. खुशालरावांकडे कोणी पैसे परत मागितले नाहीत.

मग नबी जयवंतासमोर आला. हातांनी माफी कशी मागावी ते त्याला सुचेना. तिनं साधू दाखवताना केलं होतं तसा त्यानं गळ्याला हात लावला, मग छातीला, आणि मान खाली घातली. हातांनी बोलण्यात त्यानं पुष्कळ चुका केल्या असतील. जयवंतानं त्याचा हात धरून बोटं नीट केली आणि पुन्हा करून दाखवायला लावलं. माणिकबाई हसली. दुसऱ्या सकाळी टोपल्या नबीच्या टांग्यातून आल्या.

सत्यवतीबाईंनी माणिकबाईकरवी जयवंताला खरं ते सांगितलं, की सिनेमात तारिणीचा आवाज परत येतो, ती गाते. जयवंतानं विचार केला आणि उत्तर दिलं. माणिकबाई म्हणाली, "ती म्हनते, मले तसं नाई दिसलं."

भांडण मिटलं असं समजू नका. उलट नबी पुस्तकाच्या बाजूचा झाला, आणि बाई म्हणू लागल्या, सिनेमाचा शेवट नीट पाहिला तर तेवढा वाईट नाही. जयवंताची तिसरी बाजू होती आणि ती कोणाचं ऐकत नव्हती. वाद घालताना आता सगळ्यांनाच हात वापरावे लागत, त्यामुळे दुपारी तंबूत आवाज कमी आणि हसणं जास्त असे.

पुढे शहरात पक्की सिनेमाघरं झाली. खुशालराव थकले, तंबू विकला. मला मात्र त्यांनी विकलं नाही. माणिकबाईच्या हातात देऊन म्हणाले, "हा त्या दिवशी तुमच्या पोरीमुळे वाचला. तुमच्याकडेच राहू द्या."

आता माणिकबाई थकली आहे, दुकान जयवंता पाहते. गिऱ्हाइकं बोटांनी भाव विचारायला शिकली आहेत. मी उन्हानं पिवळा पडलो, एका कोपऱ्याला ठिगळ आहे. पण तक्रार कशाची करू? शिंप्यानं जीव ओतून शिवलं, मालकानं जपलं, आणि हजारो माणसं आपलं हसू-रडू माझ्यासमोर मोकळं करून गेली. कापडाला याहून जास्त काय मिळतं?

माझ्या जागी आता नवे, मोठे पडदे आहेत. त्यांच्यासमोर खुशाल बसा, शेवटावरून खुशाल भांडा. फक्त घरी जाताना शेजारच्या माणसाला एकदा विचारा, तुम्हाला काय दिसलं? आणि तो सांगेपर्यंत थांबा.