रकान्यातले ‘ठीक’

सुज्ञ वाचकहो, पुढील कथेचा विषय चारचौघांत कोणी काढत नाही. नाक मुरडण्यापूर्वी ही हकीकत एकवार शेवटपर्यंत वाचावी, एवढीच नम्र विनंती.

शिवणवालीने नेहमीप्रमाणे सकाळी साडेसहाला रबरी चादर अंथरली व हातमोजे चढवले. तिचा नवरा वायरमन. दीड वर्षापूर्वी तो खांबावरून पडला, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू दुखावला आणि छातीपासून खालचे शरीर त्याला परके झाले. पाय गेले, ते जगाला दिसले. शौचाची जाणीवही गेली, ते मात्र घरातच दडपले गेले. हात शाबूत होते; पलंगावर बसून तो लोकांचे पंखे दुरुस्त करी, तेवढाच त्याचा पुरुषार्थ उरला होता.

दिवसाआड दीड तास हेच काम. शौचाच्या जागी आत औषधाची गोळी सरकवायची, बोटाने वाट मोकळी करायची, धुवायचे, पुसायचे. मग शिलाई मशीन.

“झालं का काही?” भिंतीकडे तोंड करून त्याने विचारले.

“नुसतं पाणी.”

“मग झालंच की! दवाखान्यात ठीक म्हणून सांग.”

तिने मोजे उतरवले व वही ओढली.

गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत, मागल्या पानांवर तिने रकाने आखले होते: तारीख, किती वेळ लागला, किती झाले, घट्ट की पातळ, बोट लागले का, मध्येच कपडे खराब झाले का. माप घेतल्यावाचून कापड कापू नये, एवढेच तिला ठाऊक. परंतु ते रकाने सासूबाईंच्या दृष्टीस पडले.

“शी! लिहून ठेवायची गोष्ट आहे का ही? उद्या एखादं गिऱ्हाईक वही चाळेल, तर माझ्या लेकाची काय शोभा?” असे म्हणून त्यांनी ती पाने खळ लावून चिकटवून टाकली.

गल्लीतल्या दवाखान्यात पाणी होते म्हटल्याबरोबर ‘जुलाब’ असे लिहून बंद होण्याचे औषध मिळाले. व्यायामाच्या केंद्रात ‘आठवड्यातून किती वेळा’ एवढाच रकाना. कपडे रोजच खराब होत, म्हणून तेथे ‘सात’ लिहिले गेले. मोठ्या रुग्णालयात बाक भरलेला असताना सिस्टरने मोठ्याने विचारले, “संडास?” सासूबाई चटकन म्हणाल्या, “ठीक.” तेच लिहिले गेले.

त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी वायरमनचे डोके फुटू लागले. चेहरा लालबुंद, कपाळावर घाम. त्याला घेऊन दोघी रुग्णालयात धावल्या. डॉक्टरांनी तिन्ही कागद पाहिले.

“जुलाब होते, आता ‘ठीक’ लिहिलंय; पोटाचं तर सगळं बरं दिसतंय. ऊन लागलं असेल. डोकेदुखीची गोळी देतो.”

“नाही, साहेब.” शिवणवालीने पिशवीतून वही व कात्री काढली.

“अगं, इथे नको!” सासूबाईंनी तिचा हात धरला. “लोक बघतायत!”

“बघू देत, आई. तुमचा लेक चाललाय.”

कात्रीच्या टोकाने तिने पाने सोडवली आणि भरल्या बाकासमोर तारखा मोजून सांगितले, “आज अकरा दिवस झाले. घट्ट काही नाही. नुसतं पाणी, तेही न कळत कपड्यांत.”

डॉक्टर ताडकन उठले. “अहो, हे जुलाब नाहीत! आत वर मळाचा खडा अडकलाय, पाणी बाजूनं पाझरतंय! अशा कण्याच्या रुग्णाचं पोट तुंबलं की रक्तदाब भडकतो; तो बघा आधी!”

वरचा आकडा दोनशेच्या वर होता. त्याला ताठ बसवून, औषधे देऊन त्याचे पोट मोकळे केले. प्राण वाचले. परंतु तोवर मेंदूत रक्त उतरले होते. उजवा हात गेला. पंखे तसेच पलंगाखाली राहिले.

थोरल्या सिस्टरनी वहीतल्या सहाही रकान्यांवरून बोट फिरवले.

“हे आम्ही विचारायला हवं होतं गं.”

“तीन कागदांवर तीन प्रश्न, सिस्टर. माझा नवरा एकच आहे. सगळीकडे एकसारखं विचारा. आणि पडद्याआड विचारा.”

तेच सहा रकाने आता तिन्ही ठिकाणी सारखे आहेत. ते होण्यास सात महिने व असंख्य हेलपाटे लागले, हेही नमूद करतो.

घरी सकाळ तशीच उजाडते. तीच चादर, तेच मोजे. फक्त दाराशी सासूबाई वही उघडून बसलेल्या असतात. परवा त्यांनी चष्मा सारखा केला आणि खालच्या आवाजात विचारले, “सूनबाई, घट्ट लिहू की पातळ?”

वाचकहो, आपल्याही घरी कोणी अंथरुणास खिळलेले असेल, तर ‘ठीक’ म्हणण्यापूर्वी वायरमनच्या त्या उजव्या हाताचे स्मरण करावे. आपण वेळ काढून वाचलेत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
तात्या ड्रेसर (त्याच रुग्णालयात मलमपट्टी करणारा)