उलट्या शिक्क्याची नोट

मित्रांनो, मी एक जुनी नोट आहे. दहा लाख पेसोंची. एवढं ऐकून डोळे विस्फारू नका. मी जन्मले तेव्हा बोलिव्हियात दहा लाखांना कुत्रं विचारत नव्हतं.

मला परदेशात छापलं आणि विमानानं ला पाझला आणलं. आमचे गठ्ठे सुतळीनं बांधलेले असत, आणि ते मोजायच्या भानगडीत कुणी पडत नसे. बाजारातल्या बायका त्याच गठ्ठ्यांवर बसून बटाटे विकत. सकाळी माझ्यावर जेवढे पाव येत, त्यातले अर्धेसुद्धा संध्याकाळी येत नसत. लोक सरकारला शिव्या घालत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पोतं खांद्यावर टाकून बाजाराला निघत.

मग सरकारनं आमची शून्यं उडवायचं ठरवलं. नव्या नोटा तयार होईपर्यंत आमच्याच अंगावर नवा शिक्का मारला, ‘एक बोलिव्हियानो’. अशी मी एका दुपारी दहा लाखांची एक झाले. त्यातही शिक्का मारणाऱ्या माणसाचं लक्ष कुठं होतं कोण जाणे, आमची थप्पी यंत्रात उलटी गेली आणि माझ्या अंगावरचा शिक्का डोक्यावर उभा राहिला. माझ्या बहिणींना तिथंच वेगळं काढून जाळलं. मी कशी सुटले ते मलाही माहीत नाही.

फिरत फिरत मी फ्लोरेन्सियोच्या हाती आले. त्याची खाण नुकतीच बंद झाली होती. बायको बासिलिया आणि लहानगी नीवेस यांना घेऊन तो ला पाझच्या वरच्या अंगाला, एल आल्तोत येऊन राहिला होता. बासिलिया पहाटे रस्त्याकडेला बसून आपी विकायची. आपी म्हणजे जांभळ्या मक्याचं गरम गरम पेय. त्याच्या सुट्ट्या पैशांत मी त्या घरात आले.

“बासिलिया, ही बघ. शिक्का डोक्यावर उभाय.”

“मग? पाव मिळेल ना तिच्यावर?”

“ही खर्चायची नाही. आपल्यासारखीच आहे ही, सरकारनं उलटीपालटी करून टाकलेली.”

“बरंय तुमचं. रिकाम्या पोटी विनोद सुचतात.”

पण तिनं मला खर्च केलं नाही. त्या घरात एकेको होता. हा मिशीवाला बुटका देव, अंगावर पोती-पिशव्या लटकवलेला, आणि शुक्रवारी त्याच्या ओठांत सिगरेट ठेवता यावी म्हणून तोंड कायमचं उघडं. जानेवारीत आलासितासची जत्रा भरते. जे हवं ते तिथं चिमुकलं विकत घ्यायचं, भर दुपारी बाराला त्याला धूप दाखवायचा, वाइन शिंपडायची, मग वर्षभरात ते खरं होतं. लोक चिमुकली घरं घेत होते, चिमुकल्या नोटांची बंडलं घेत होते. फ्लोरेन्सियोकडे तेवढेही पैसे नव्हते. त्यानं मला टाचणीनं एकेकोच्या छातीवर टोचलं आणि म्हणाला, “घे बाबा. इतरांनी खोट्या दिल्या, मी खरी देतोय.”

टाचणी लागली, खोटं कशाला सांगू. पण त्या दिवसापासून मला पहिल्यांदा घर मिळालं.

खाणीची धूळ फ्लोरेन्सियोच्या छातीत बसलेली होती. ती एकदा बसली की उठत नाही. शेवटच्या जानेवारीत त्याला जत्रेपर्यंत चालवेना. बासिलिया घरीच वाइन घेऊन आली. त्यानं अंगठा पेल्यात बुडवला आणि माझ्या कोपऱ्यावर दाबला.

“सही केली,” तो म्हणाला. “मला दुसरी कुठं येते?”

पावसाळा सरायच्या आत तो गेला. त्याचा एकच फोटो होता, त्यातही टोपीच्या सावलीत चेहरा बुडालेला. म्हणून बासिलिया दर शुक्रवारी एकेकोला सिगरेट देताना त्या डागावरून बोट फिरवायची. वाइन सुकून तिथला कागद जरासा ताठ, खरखरीत झाला होता. पुढे तिच्या डोळ्यांवर पडदा येऊ लागला, तशी ती मला बघेनाशी झाली, नुसती चाचपायची. मित्रांनो, माझ्यावर लाखोंची नजर पडली असेल, पण मला वाचलं ते फक्त त्या बोटानं.

एका आलासितासला डॉन एलिओदोरो जेवायला आले. बासिलियाच्या आपीचं जुनं गिऱ्हाईक. गुरुवारच्या बाजारात जुन्या नोटा-नाण्यांचा त्यांचा ठेला होता. मक्याचं कणीस खाता खाता त्यांची नजर माझ्यावर गेली आणि कणीस तसंच ताटात राहिलं. हात पुसून त्यांनी मला उजेडात धरलं, तिरकं केलं, भिंगातून शिक्क्याची शाई पाहिली, कानाशी धरून हलकेच वाजवलं.

“बासिलियाबाई, हिच्याबरोबरच्या सगळ्या जाळल्या, असं आम्ही समजत होतो. शाई त्या काळचीच आहे. कागद अजून बोलतोय. गुरुवारी घेऊन या, बाहेरगावचं मोठं गिऱ्हाईक येणार आहे. तुमच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन होईल एवढे देईल.” मग जीभ चुकचुकवून म्हणाले, “हा डाग नसता तर विचारूच नका.”

नीवेस आता मोठी झाली होती. आईचा हात धरून तिला आपीच्या ठेल्यापर्यंत नेणारी, परत आणणारी तीच. तिनं त्या सगळ्या बोलण्यातलं शेवटचं वाक्य तेवढं धरून ठेवलं.

एरवी शुक्रवारीच फिरणारं बोट बासिलिया त्या आठवड्यात रोज माझ्यावर फिरवत राहिली. शेवटी म्हणाली, “तो असता तर म्हणाला असता, अंगठ्याचं लोणचं घालणारेस का? डोळे करून घे. जा, विकून ये.”

गुरुवारी आई आपीच्या ठेल्यावर बसलेली असताना नीवेसनं घरी किनवा हे बारीक धान्य धुतलं. त्या पाण्याला फेस येतो. आमच्याकडच्या बायका भारी लोकरीच्या शाली त्याच पाण्यात धुतात, धागा दुखावत नाही. त्या फेसात तिनं मला हळुवार, तान्ह्या बाळाला घालावी तशी आंघोळ घातली. डाग विरघळून पाण्यात गेला. मी ओरडू शकत नव्हते. मग फडक्याखाली ठेवून तिनं माझ्यावरून इस्त्री फिरवली आणि खुश होऊन बाजाराला निघाली.

डॉन एलिओदोरोंनी मला हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मला कानाशी धरलं. मी वाजले नाही.

“काय केलंस हे, पोरी?”

“डाग काढला. तुम्हीच म्हणालात ना?”

“डाग नसता तर, म्हणालो. काढ नाही म्हणालो. शिक्क्याची शाई पसरली बघ. आता हा शिक्का कुणी काल घरी बसून मारला, असंच तो गिऱ्हाईक म्हणणार.”

“पण तुम्ही पाहिलीय ना ही? तुम्ही सांगा त्याला.”

“मी सांगेन. तो माझं ऐकणार नाही, नोटेचं ऐकणार. आणि ही आता काही बोलत नाही. डागासकट आणली असतीस तरी चाललं असतं गं.”

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथं तर कर्मसुद्धा बिचारं प्रेमानं केलेलं.

परतताना नीवेसनं बासिलियाला ठेल्यावरून घरी आणलं आणि दारात बसवलं. मला विकलं नाही हे ऐकून तिचा चेहरा उजळला. हो, मी पाहिलं, ती हसली.

“नको तर नको. आण इकडे. सवय झालीय मेलीची.”

तिचं बोट माझ्या कोपऱ्यावर आलं. थांबलं. दुसऱ्या कोपऱ्यावर गेलं, उलट बाजूला गेलं, परत पहिल्यावर आलं. सगळीकडे मी गुळगुळीत होते.

“ही दुसरीच आहे. आपली कुठाय?”

“आई, हीच आहे. मी धुतली.”

तिनं मला नाकाशी नेऊन वास घेतला.

“कशानं?”

“किनव्याच्या पाण्यानं.”

“चांगलं पाणी असतं ते,” बासिलिया म्हणाली. “मीच शिकवलेलं तुला.”

एवढंच. ती रागावली असती तर नीवेस रडून मोकळी झाली असती. माझंही काळीज फाटलं, कागदाला ते असेल तर.

डोळे झाले नाहीत. पुढच्या आलासितासपर्यंत बासिलियाला दिवस आणि रात्र एवढंच कळत होतं. बाराच्या घंटा वाजल्या तेव्हा ती म्हणाली, “वाइन दे.” तिनं आपला अंगठा बुडवला, मला मांडीवर चाचपून सरळ केलं आणि दाबला.

“लागला का गं? त्याच्याच जागी?”

अंगठा भलतीकडेच, उलट्या शिक्क्याच्या पायाशी लागला होता. नीवेसनं तो पाहिला.

“हो आई. बरोबर त्याच्यावरच.”

मित्रांनो, जुनी नोट धुऊ नये, तिला इस्त्री करू नये, हे तुम्हाला कुणीही जाणकार सांगेल. मी सांगते ते एवढंच. घरातल्या जुन्या वस्तूवर डाग दिसला, तर पाणी आणायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हा डाग कुणाचा आहे.