काकवी गट, प्रथम क्रमांक

माझ्या मधाला तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात पहिला नंबर मिळाला. काकवीच्या गटात.

असं काही झालेलं नाही. मी प्रदर्शनाला गेलो नव्हतो, स्टेजवर चढलो नव्हतो, आणि फेटा बांधलेला जो फोटो गावभर फिरतोय, त्यातला पोरगा माझ्यासारखा दिसत असेल तर तो त्याच्या नशिबाचा दोष. हे लोकांना सांगायचं. आता खरं काय ते पहिल्यापासून सांगतो.

मी नौमान गौस मोमीन, राहणार कागल, मधपाळ. हा शब्द मला महाबळेश्वरला पाच दिवसांच्या प्रशिक्षणात मिळाला. सोबत जाळीची टोपी, धूर काढायचं डबडं आणि प्रमाणपत्र. तिथं जंगल होतं. जांभूळ, हिरडा, कारवी; माशीनं डोळे मिटून पेटीबाहेर उडी टाकली तरी फुलावरच पडावी. शेवटच्या दिवशी सरांनी विचारलं, तुमच्या भागात फुलोरा कसा आहे? मी म्हणालो, सगळं हिरवंगार आहे. खोटं नव्हतं. कागलातून कुठंही बघा, हिरवंच दिसतं. फक्त तो सगळा ऊस आहे. उसाला तुरा येतो, पण त्यात माशीला प्यायला काही नसतं. हे मला नंतर कळलं. माशांना पहिल्याच दिवशी कळलं.

अब्बांचं शिलाईचं दुकान आहे. त्यांनी मला एक हंगाम दिला. मध खपला तर मी मधपाळ, नाही खपला तर वारणानगरला मामूंनी साखर कारखान्यात काट्यावरच्या नोकरीचं बोलून ठेवलेलं. काट्यावर म्हणजे काचेच्या खोलीत बसायचं आणि उसाच्या ट्रॉल्यांची वजनं लिहायची. उसापासून पळण्यासाठी मी माशा पाळल्या होत्या. माशांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

आमची स्वतःची जमीन म्हणजे दुकानापुढची पायरी. त्यामुळं बाळासोतात्यांनी त्यांच्या बांधावर, बाभळीखाली, आठ पेट्या ठेवायला जागा दिली. तात्यांचं गुऱ्हाळ तिथून पन्नास पावलांवर. तात्यांची काकवी सलग अकरा वर्षं प्रदर्शनात पहिली. कायलीत रस आटत आला की गूळ व्हायच्या जरा आधी ते जे थांबवतात, ते त्यांनाच जमतं.

माझ्या पेट्या तीन आठवड्यांत भरल्या. प्रशिक्षणात तीन महिने सांगितले होते. माणसाला अशा वेळी दोन शंका यायला पाहिजेत. मला एकही आली नाही. मला वाटलं, माझ्या हातात गुण आहे. तात्यांचा गुळव्या एकदा म्हणाला, तुझ्या माश्या दिवसभर आमच्या कायलीच्या काठावर बसत्यात. मी त्याला समजावून सांगितलं की माशीला पाणी लागतं. पाच दिवस शिकलेला माणूस चाळीस वर्षं गूळ करणाऱ्याला समजावतोय, आणि तो ऐकूनही घेतोय. कोल्हापुरी माणूस एवढा गप्प बसला की समजावं, तो घरी जाऊन हसणार आहे.

मेणबत्त्यांचं मात्र बरं चाललं होतं. जुनी पोळी पाण्यात उकळायची, अब्बांच्या अस्तराच्या कापडातून गाळायची, पाइपच्या तुकड्यांत ओतायची, वात म्हणून दुकानातला जाड दोरा. साठ केल्या, साठही खपल्या. पेटवली एकानंही नाही. चपलावाल्यांनी शिलाईच्या दोऱ्याला चोळायला नेल्या. तात्यांच्या आईनं, आक्कानं, टाचांच्या भेगांसाठी सहा घेतल्या आणि आठवड्यानं येऊन तक्रार केली की मधे दोरा कशाला घातलाईस, पायाला टोचतोय.

राहिला मध. तो कोल्हापुरात राजारामपुरीतल्या डॉक्टर तेजस्वी घेणार होत्या. त्यांचं आयुर्वेदाचं दुकान आहे. त्यांनी बोटभर चाटला, बराच वेळ डोळे मिटले आणि म्हणाल्या, वेगळा आहे. मला ते कौतुक वाटलं. मग अट घातली: प्रदर्शनात पहिला नंबर आला तर सगळा मध, चाळीस किलो, त्यांचा.

प्रदर्शनात मधाच्या टेबलावर माझी बरणी चौदा नंबरची. परीक्षण चालू असताना मालकानं जवळ थांबायचं नसतं, म्हणून मी लांब खुर्च्यांकडं जाऊन बसलो. पुढचं मला ज्यांनी बघितलं त्यांनी सांगितलं. मधाच्या परीक्षकांनी माझा मध चाखला, पुन्हा चाखला आणि शेजारच्या टेबलावरच्या काकवीच्या परीक्षकांना हाक मारली. त्या म्हाताऱ्यानं बोट बुडवलं आणि म्हणाला, "ही काकवी चुकून हिकडं आलीया. पर काय काकवी हाय." आणि स्वतःच्या हातानं, सांडू न देता, बरणी काकवीच्या टेबलावर नेऊन ठेवली. माणूस भला होता. त्यानं माझी चूक सुधारली.

संध्याकाळी माईकवरून पुकारलं. गटाचं नावही पुकारलं असणार, पण "प्रथम क्रमांक, नौमान मोमीन" एवढं ऐकून मी खुर्चीतून उठलो होतो. फेटा बांधला, नारळ दिला, फोटोसाठी हसायला सांगितलं. मी हसलो. हसता हसता प्रमाणपत्र वाचलं. फोटोत माझं तोंड हसतंय आणि डोळे काकवी वाचतायत.

दुसरा क्रमांक तात्यांचा. ते बाराव्या वर्षी पहिल्यांदाच खालच्या पायरीवर उभे होते. त्यांनी माझी बरणी उघडली, चाटली आणि ओळखली.

"ही माझी काकवी हाय."

मी म्हणालो, "न्हाय तात्या, मध हाय."

"मग मधाला काकवीचा नंबर कसा?"

"मग काकवी हाय."

"मग चोरीची हाय."

स्टेजखाली डॉक्टर तेजस्वी उभ्या होत्या. मी नंबर काढला होता, अट पुरी केली होती, तसं मी म्हणालोही. त्या शांतपणे म्हणाल्या, "अभिनंदन, नौमान. पण मी काकवी विकत नाही."

घरी पोचलो तेव्हा फोटो माझ्या आधी पोचला होता. अब्बांनी प्रमाणपत्र चष्मा लावून वाचलं, गळ्यातली टेप काढली आणि नोकरीच्या दोन शर्टांचं माप घेतलं. खांदे धरून मला सरळ उभं केलं. बाप शिंपी असला की निर्णय असा अंगावरच येतो.

सकाळी तात्या आले. तोवर गुळव्यानं त्यांना कायलीवरच्या माशांचं सांगितलं होतं. चहा प्याले, म्हणजे भांडण मोठं नव्हतं. म्हणाले, "एक तर ह्यो मध हाय म्हणून समितीकडनं लिवून आण, न्हायतर पेट्या उचल. माझा नंबर मला, तुझा मध तुला."

न्याय्य होतं. मला पेट्या ठेवायला दुसरा बांध नव्हता आणि असता तरी तोही उसाचाच. मी समितीच्या अध्यक्षांकडं गेलो. त्यांनी नियम वाचून दाखवला: मध म्हणजे माशांनी फुलांतून गोळा केलेला. गुऱ्हाळ हे फूल नाही. मी विचारलं, कशावरून? ते म्हणाले, बघून कळतं.

मी जाऊन बघितलं. लांबून गोड वास येतो, माशा बसतात, हंगामात येतं, हंगाम संपला की सुकतं. पाकळ्या तेवढ्या नाहीत. हे परत जाऊन सांगितलं तर अध्यक्ष म्हणाले, लेखी द्या. आमच्याकडं माणसाला घालवायचं असलं की असंच म्हणतात. पण मी दिलं. तात्यांनी चुलवाणापाशी बसून मजकूर सांगितला, मी लिहिला, दोघांनी सह्या केल्या:

प्रति, मा. अध्यक्ष, परीक्षण समिती. विषय: गुऱ्हाळास फुलाचा दर्जा मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की, अर्जदार क्र. १ यांच्या माशा अर्जदार क्र. २ यांच्या कायलीवर प्रामाणिकपणे कामास जात असून त्यांना फूल व कायल यांतील फरक कुणीही लेखी कळवलेला नाही. तरी दरवर्षी ऑक्टोबर ते मार्च या कालावधीपुरते सदर गुऱ्हाळ हे फूल समजण्यात यावे, त्याची नोंद जांभूळ व कारवी यांच्या खाली घेण्यात यावी, आणि हा आदेश प्रदर्शनाच्या आदल्या दिवसापासून लागू करण्यात यावा, ही नम्र विनंती.