उडी तिची, फ्रेम त्याची

बजरंग खांद्यावर भलंमोठं खोकं घेऊन दुकानाच्या दारात उभा राहिला आणि नुसरतच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन वर्षं हा माणूस भांगरवाडीतल्या या दुकानावरून जाताना मान खाली घालून गाडी दामटायचा. आज बरा रस्ता सापडला! गरज पडली की सगळ्यांनाच सापडतो.

"गफूरचाचा, येक सायकल बांदायचीय," तो तिच्याकडे न बघता तिच्या वडलांना म्हणाला. "ट्रायल्सची. रैवारी रिसॉर्टवर शो हाय."

अब्बा चाकाचे आरे आवळत बसले होते. "मला काय सांगतोस? माझा जन्म पंक्चर काढण्यात गेला. तेलाचे ब्रेक ती भरते. तिला सांग."

तिला सांगणं त्याच्या जिवावर आलं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण मावळात हे काम येणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि पुण्याचा मिस्त्री आठ दिवस लावणार होता. बजरंगनं खोकं तिच्या पुढ्यात ठेवलं. ठेवलं कसलं, आपटलं.

ज्यांनी ट्रायल्सचा हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. रस्त्यावरचे कठडे, पायऱ्या, ओटे, जे दिसेल त्यावर पाय न टेकता सायकल उडवायची आणि मागच्या एका चाकावर तोल धरून उभं राहायचं. सायकल बुटकी, सीट नावापुरती, गियर एकच. आणि ब्रेक असा हवा की एक बोट दाबलं की चाक जागच्या जागी गच्च. नुसरत आणि लोहगडवाडीचा हा बजरंग हे एकत्रच शिकले होते. पडले एकत्र, शोही एकत्र केले.

मग तो व्हिडिओ आला. धरणाकाठच्या कठड्यावरून खाली घेतलेली एक उडी. हेल्मेटमध्ये तोंड दिसत नव्हतं. उडी नुसरतची होती, व्हिडिओ टाकला बजरंगनं, आणि लोक "भावा, नाद खुळा" म्हणायला लागले तेव्हा या गृहस्थानं हात जोडून आभार मानले! ती माजी न्हाई, नुसरतची हाय, एवढं एक वाक्य त्याच्या तोंडून फुटलं नाही. त्याच उडीवर भाळून एका सायकल डीलरनं आता त्याला फ्रेम पाठवली होती.

तिनं खोकं फाडलं. आत चाकं, ब्रेक, दोन हँडलं असे सुटे भाग आणि फ्रेम होती, मातकट हिरवी, आखूड, हलकी. दोन बोटांवर उचलली तरी उचलली गेली. अशीच फ्रेम नुसरतला कधीची हवी होती.

"ही तुला लहान आहे," ती म्हणाली.

"लहान कशी? डीलरनं माप इचारलं तवा तूच म्हनायचीस तेच मी सांगितलं. आखूड घे, चटकन वळती."

"ते मी माझ्यासाठी म्हणायचे. तू हातभर उंच आहेस माझ्यापेक्षा. मागच्या चाकावर उभा राहिलास की पाठीवर पडशील."

"व्हय का?" बजरंग हसला. ते हसणं लागावं म्हणूनच होतं. "तुला पायजे, म्हनून मला लहान. मी काय दूधखुळा हाय का?"

तिला ती हवी होती, हे खरंच होतं. म्हणून तिचा आवाज आणखी चढला. "माझं काम सांगायचं. ऐकायचं तर ऐक, नाहीतर मर तिकडं!"

"बांद गपचिप."

तिनं बांधायला घेतली. दोन हँडलांपैकी उंच निवडलं, त्याला निदान थोडी जागा मिळावी म्हणून. चेन बोटभर ढिली ठेवली, टायरमध्ये हवा बेताची भरली. ब्रेकच्या नळ्या मापानं कापल्या, तेल भरलं, बुडबुडे काढले, हँडलवर ब्रेकचे लिव्हर आवळले. डोक्यात मात्र सारखा तो व्हिडिओ फिरत होता आणि बजरंगला सुनवायची एकेक ओळ ती मनात घोटत होती. हात आपले चालत राहिले.

दुकानाचा एक नियम होता. ज्यानं सायकल बांधली त्यानं ती आधी चालवायची, मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. घाट उतरणाऱ्या दूधवाल्यांच्या सायकली यायच्या तेव्हापासून अब्बांनी तो पाळला होता.

नुसरतनं हँडलला हात घातला तोच बजरंगनं सायकल हिसकावली. "माज्या सायकलीवर तू बसायचं न्हाई."

"बजरंग, नियम आहे," अब्बा म्हणाले.

"नियम तुमचा, सायकल माजी, चाचा."

दुकानासमोर कमरेइतका उंच ओटा होता. बजरंग सायकल घेऊन त्यावर चढला, पेडल मारून पुढचं चाक उचललं आणि कडेवर उभा राहायला गेला. मागचं चाक थांबलंच नाही. सायकल ओट्यावरून खाली उडाली आणि बजरंग उताणा आपटला. कोपर सोलवटलं, श्वास अडकला. समोरच्या चहावाल्याकडची माणसं धावली.

"ब्रेक धरला न्हाई!" श्वास आला तसा तो ओरडला. "मुद्दाम ढिला ठिवलास तू!"

"चोराच्या उलट्या बोंबा! आधी मी चालवते म्हटलं तर तुला नको. ब्रेक ढिला नाही, फ्रेम लहान आहे. बघ आता!"

तिनं परवानगी विचारलीच नाही. ओट्यावर चढली, पुढचं चाक उचललं, कडेवर मागच्या चाकावर दोन उड्या मारल्या आणि अलगद खाली आली. परत चढली, परत उतरली. तिसऱ्यांदा चहावाल्याकडून शिट्ट्या आल्या. सायकल कशी अंगाला शिवल्यासारखी बसली होती. नुसरतला वाटलं, हाच तो पुरावा.

बजरंग कोपर धरून पायरीवर बसला होता. मग म्हणाला, "खरंय तुजं. मला लहानच हाय ती. ठिव तुज्याकडं. मी डीलरला दुसरी मागतो."

बघा, मागितल्याशिवाय मिळत होतं! नुसरत सायकल धरून उभी होती, बोट अजून ब्रेकच्या लिव्हरवर. उजवं बोट. तिनं ते दाबलं आणि मागचं चाक गच्च झालं.

तिनं डावं दाबलं, तर पुढचं चाक थांबलं. आपल्याकडच्या सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. बजरंगलाही तसाच लागतो. नुसरत एकटी उलटं चालवते, मागचा ब्रेक उजव्या हाताला, कारण तिच्या त्या बोटात जोर जास्त. तिनं ब्रेक स्वतःच्या हातासारखे बांधले होते. बजरंगनं सवयीनं डावा लिव्हर दाबला तो हवेतल्या पुढच्या चाकाचा, आणि मागचं चाक मोकळंच राहिलं.

गप्प बसली असती तर कुणाला कळलं असतं? दोन मिनिटांत लिव्हर बदलून झाले असते. उडी तिची होती, फ्रेम तिच्या उडीची होती, आणि तो आपल्या हातानं देत होता.

पण कोपरातून रक्त येत होतं त्याच्या.

"ब्रेक मी उलटे बांधलेत," ती म्हणाली. "माझ्या हाताचे. म्हणून पडलास."

बजरंगनं आधी तिच्याकडे, मग लिव्हरकडे पाहिलं. हळूहळू उठला. "मुद्दाम?"

"नाही. चुकून."

"मुद्दाम केलं आसतंस तर येकवेळ समजलो आसतो." त्याचा आवाज चिरकला. "उडी तुजी व्हती. व्हय, तुजीच व्हती, मी खाल्ली ती! म्हनून काय माजी मान मोडायची? आन् वर मलाच सांगायचं, फ्रेम लहान हाय?"

दोन वर्षं जे वाक्य ऐकायला ती तडफडत होती ते असं आलं, आणि तिला ते घेताही येईना.

"बदल," तो म्हणाला. "मी हितंच हाय."

तो तिच्या डोक्याशी उभा राहिला आणि एकेका बोल्टवर नजर ठेवून होता, चोराच्या हातांवर ठेवावी तशी. तिचे कान तापले, पण ती बोल्ट फिरवत राहिली. लिव्हर बदलून झाले तसं त्यानं स्वतः दोन्ही चाकं फिरवून पाहिली आणि ओट्यावर चढला.

पुढचं चाक उचललं. कडेवर थांबला, खुंट्यासारखा. एक उडी, दोन उड्या, आणि खाली. सायकल जराही मागं गेली नाही. पुन्हा चढला, पुन्हा तसाच उतरला. तिसऱ्यांदा तर कडेवर उभा राहून त्यानं नुसरतकडे निवांत बघून घेतलं.

"लहान हाय म्हनं," तो म्हणाला. ओट्यावरून उतरला आणि वळून न बघता सायकलवरून तसाच रस्त्याला लागला.

चहावाल्याकडची माणसं पांगली. अब्बांनी आरे आवळायची किल्ली बाजूला ठेवली.

"त्याचं माप घेतलं होतंस?"

"नाही. बघूनच सांगितलं."

"कुणाकडे बघून?"

नुसरतनं रिकामं खोकं उचललं, पुन्हा खाली ठेवलं.

"फ्रेमकडे," ती म्हणाली.