सुलटे नाव, उलटी छाती

मी एक जुनी एक्स-रे मशीन आहे. किती जुनी, ते माझ्या पाठीवरच्या पत्र्यावर कोरलेले होते. आता त्या पत्र्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी ठोकली आहे, त्यामुळे माझे वय माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. मला चार चाके आहेत, एक लांब हात आहे आणि त्या हाताच्या टोकाला डोळा आहे. अमरावतीच्या एका धर्मादाय दवाखान्यात, अपघात विभागाच्या दाराशी मी उभी असते. येणारे-जाणारे मला डबडे म्हणतात. म्हणू द्या. मी त्यांच्या छात्यांच्या आत पाहिलेले आहे. तिथे फार काही नसते.

मित्रांनो, माझा जन्म दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. गवतात गुंडाळून, लाकडी खोक्यात घालून, ट्रकने मला वऱ्हाडात आणले. खोके उघडले तेव्हा मला हळदकुंकू लागले, माझ्या चाकाखाली लिंबू ठेवले गेले आणि नारळ फुटला. त्यानंतर मला कुणी नमस्कार केला नाही, पण कामाला मात्र लावले. धारणीहून येणारी जीप घाटात उलटली की मी जागी व्हायचे. जिनिंगच्या पट्ट्यात हात गेला, निंबावरून माणूस पडला, बैलाने ढुशी मारली, की माझी चाके फरशीवर वाजायची. रोग्याला माझ्याकडे यावे लागत नसे. मीच त्याच्या खाटेशी जात असे. ज्याला हलवले तर जीव जाईल, त्याच्यासाठीच तर मला चाके दिली होती.

तेव्हाचे डॉक्टर वेगळे होते. हे वाक्य सगळेच म्हातारे म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते खोटे असते. मी मात्र पाहिलेले सांगते. ते आधी रोग्याच्या अंगाला हात लावत, छातीवर बोटे ठेवून टकटक वाजवून पाहत, आणि मग मला बोलावत. फिल्म ओली असतानाच डार्करूमच्या दाराशी येऊन उभे राहत. भिंतीवर पांढऱ्या उजेडाची एक पेटी होती. तिच्यावर फिल्म अडकवली की हाडे पांढरी दिसत आणि हवा काळी. त्या पेटीची ट्यूब जळून आता सात वर्षे झाली. ट्यूब कुणी बदलली नाही. पेटीच्या काचेत दवाखान्याच्या अध्यक्षांच्या वडिलांची तसबीर बसवली आहे आणि रोज तिला उदबत्ती ओवाळतात. डॉक्टर फिल्म खिडकीला लावून पाहतात.

माझ्या कामातली एक गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे. फिल्म आरपार दिसते. पुढून पाहा की मागून, माणूस माणसासारखाच दिसतो. फक्त डावे उजवे होते आणि उजवे डावे. म्हणून फोटो काढताना एका कोपऱ्यात शिशाचे छोटे अक्षर ठेवतात. डाव्या बाजूला एल. ते फिल्मवर पांढरे उमटते. ते सरळ वाचता आले तर फिल्म सुलटी, उलटे दिसले तर फिल्म उलटी. नखाएवढे अक्षर असते, पण त्याच्याशिवाय माझे सगळे बोलणे बिनबुडाचे.

आता अध्यक्षांविषयी. त्यांचे नाव केशवराव. आपल्या वडिलांचे नाव अजरामर करण्याचे त्यांनी मनावर घेतले आहे. दवाखान्यातल्या प्रत्येक पंख्याच्या पात्यावर ते नाव आहे. पंखा फिरू लागला की ते कुणालाच वाचता येत नाही, पण अमरावतीच्या उन्हात तो बंद ठेवण्याची हिंमत अजून कुणी केलेली नाही. बाकांवर, पाण्याच्या टाकीवर, स्ट्रेचरच्या दांड्यावर ते नाव आहे. फक्त थुंकदाणी ठरावातून सुटली.

मग एका बैठकीत ठरले की प्रत्येक फिल्मवरही नाव हवे. सोनेरी कागदाची पट्टी छापून आली. फिल्मच्या वरच्या कडेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अक्षर तिथेच असायचे.

मला चालवणारे वामनराव तेव्हा बैठकीच्या दाराशी उभे होते. एकतीस वर्षे त्यांनी माझा हात धरला आहे. ते म्हणाले, "साहेब, त्या कोपऱ्यात बाजूचं अक्षर राहते. ते झाकलं जाईन."

केशवराव म्हणाले, "वामनराव, लोक अक्षर थोडीच वाचतात. नाव वाचतात."

वामनरावांनी अक्षर खालच्या कोपऱ्यात ठेवायला सुरुवात केली. महिन्याभरात खालच्या कडेसाठीही पट्टी छापून आली. तिच्यावर केशवरावांच्या आईचे नाव होते. वर वडील, खाली आई, आणि मधे कुणाची तरी मोडलेली बरगडी. वामनराव त्या दिवशी मला पुसताना म्हणाले, "आता भाऊ-बहिनी नसल्या म्हंजे बरं."

गेल्या कापूसवेचणीच्या दिवसांतली गोष्ट. भर दुपार होती. वलगावच्या मैनाबाईंना जीपमधून आणले. कापसाच्या गाठोड्यांनी भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून त्या पडल्या होत्या. वय पन्नाशीच्या पुढचे. तोंड उघडे, ओठ निळसर, श्वास तुटक आणि उथळ. त्यांचे यजमान खुशालराव चपला विसरून तसेच अनवाणी आत आले.

दवाखान्यात एक नवी सीटी मशीन आहे. ती वातानुकूलित खोलीत राहते आणि तिच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागतात. त्या दिवशी तिचा एसी बिघडला होता, म्हणून ती बंद होती. नव्या नवरीला ऊन सोसत नाही. डबड्याला सोसते. वामनरावांनी मला ढकलत खाटेशी नेले.

"बाई, मोठा श्वास घ्या अन् धरा," ते म्हणाले. बाईंना मोठा काय, छोटाही घेववत नव्हता. मी मिळेल तेवढा क्षण धरला आणि छाती पाहिली. मग कंबरेचाही एक फोटो घेतला. छातीची फिल्म धुऊन, पंख्याखाली वाळवून वामनरावांनी काउंटरवर पाठवली आणि कंबरेची धुवायला ते पुन्हा अंधारात गेले. मी खाटेशीच राहिले. तिथून काउंटर दिसतो.

काउंटरवर कुंदन बसतो. पट्ट्या तोच चिकटवतो.

"भाऊ, तो फोटो द्या न लवकर," खुशालराव म्हणाले. "तिचा दम कोंडून राहिला."

"थांबा काका. पट्टी लावल्याबिगर फिल्म इथून हालत नाई. नियम आहे."

"कोनाची पट्टी?"

"साहेबाच्या वडिलाची. अन् खाली आईची."

खुशालराव म्हणाले, "ते दोघं काय करतेत आमच्या बाईच्या छातीवर?"

कुंदनने सोनेरी पट्ट्यांचा गठ्ठा पुढे ओढला. त्याने घाईने दोन्ही पट्ट्या चिकटवल्या. फिल्मची पाठ कोणती आणि पोट कोणते, ते त्याने पाहिले नाही. त्याला कुणी शिकवलेही नव्हते. त्याला शिकवले होते एवढेच की नाव तिरपे जाता कामा नये. नाव तिरपे गेले नाही. पट्ट्या फिल्मच्या पाठीवर बसल्या.

त्या दिवशी अपघात विभागात डॉक्टर यशोधन होते. पोरगा वाईट नाही. पुण्याहून शिकून आला आहे, रोग्यांना अहो-जाहो करतो. पण त्याच्या पिढीला माणसापेक्षा माणसाच्या फोटोवर जास्त विश्वास. त्याने फिल्म हातात घेतली आणि आपण सगळे जसे करतो तसेच केले. वडिलांचे नाव सुलटे वाचता येईल अशी ती खिडकीच्या काचेला लावली. नाव सुलटे झाले आणि मैनाबाईंची छाती उलटी.

उजव्या बाजूला काळी पोकळी दिसत होती. फुप्फुस फाटून हवा बाहेर आली होती आणि ते मुठीएवढे आकसून बसले होते. अशा वेळी छातीत नळी घालून ती हवा काढावी लागते, आणि ते लवकर करावे लागते. मोठ्या सर्जनांना विचारल्याशिवाय नळी घालायची नाही, असा नियम होता. मोठे सर्जन त्या दिवशी अकोल्याला होते. यशोधनने मोबाइलवर फिल्मचा फोटो काढून पाठवला. माझ्या फोटोचा हा फोटो. मिनिटभरात अकोल्याहून उत्तर आले, "उजवी बाजू. लगेच नळी टाका."

उत्तर बरोबरच होते. त्यांना जी छाती दाखवली, तिची उजवी बाजूच फाटली होती. पण तशी छाती जगात कुणाचीच नव्हती.

मैनाबाईंच्या उजव्या कुशीला आयोडीन लागले. सुन्न करायची सुई झाली. यशोधनने सुरी उचलली. मित्रांनो, त्या बाई त्या घटकेला एकाच फुप्फुसावर तगून होत्या, आणि ते उजवे होते. सुरी तिथेच जाणार होती. मला सगळे ठाऊक होते. पण मला तोंड दिलेले नाही, आणि ज्यांना दिले आहे ते मोबाइलकडे पाहत होते.

तेवढ्यात वामनराव मला न्यायला आले. हात ओले होते. सवयीने त्यांनी खिडकीकडे पाहिले आणि तिथेच थबकले.

"डॉक्टरसाहेब, थांबा. हे पोटातली हवा पाहा. काळा बुडबुडा. हिचं जेवण उजवीकडं कावून गेलं?"

जठर डाव्या बाजूला असते, हे तुम्ही शाळेत शिकता. त्यातली हवा फिल्मवर डाव्या बरगड्यांखाली दिसते. या फिल्ममध्ये ती उजवीकडे होती.

यशोधन म्हणाला, "वामनराव, सरांनी फोटो पाहिलाय. उजवीच आहे."

"सरांनी फोटो पाहिला. तुमी बाई पाहा."

असे म्हणून वामनरावांनी फिल्म काचेवरून काढली, खालच्या पट्टीच्या टोकाला नख घातले आणि आईचे नाव टर्रकन उपसून काढले. खाली माझा एल होता. आरशात पाहिल्यासारखा उलटा.

यशोधनच्या हातातली सुरी ताटलीत पडली. त्याने गळ्यातला स्टेथोस्कोप कानाला लावला आणि त्याचे दुसरे टोक बाईंच्या छातीला. उजवीकडे श्वास वाजत होता. डावीकडे काहीच नव्हते. ही तपासणी त्याला आधी करता आली असती. तिला ना फिल्म लागते ना पट्टी. डाव्या कुशीला नव्याने आयोडीन लागले, नळी आत गेली आणि खाटेखालच्या बाटलीतले पाणी खदखदू लागले. थोड्या वेळाने मैनाबाईंनी एक लांब श्वास घेतला. खुशालराव फरशीवरच बसले.

संध्याकाळी केशवराव आले. रोगी कसा आहे, हे त्यांनी विचारले. दुसरे विचारले ते पट्टीविषयी.

"कुणाच्या परवानगीनं फाडली?"

वामनराव म्हणाले, "परवानगी घेत बसलो असतो साहेब, तं तुमच्या आईच्या नावाखाली एक बाई मेली असती."

केशवरावांनी फाटलेली पट्टी हातात घेऊन निरखली. मला वाटले, माणसात काही हलले. मग ते कुंदनला म्हणाले, "दुसरी लावून घे. या वेळी नीट." दुसऱ्या दिवशी त्यांनी मैनाबाईंना दोन डझन केळी दिली आणि बाजूला उभे राहून फोटो काढवून घेतला. वर्तमानपत्रात बातमी आली की नव्या सीटी मशीनमुळे वलगावच्या महिलेला जीवदान मिळाले. ती नवरी त्या दिवशीही बंदच होती.

तिसऱ्या दिवशी फुप्फुस किती फुलले ते पाहायला मला पुन्हा मैनाबाईंच्या खाटेशी नेले. आता त्यांना बोलता येत होते. यशोधन फिल्म हातात घेऊन उभा होता आणि वामनराव माझा हात खाली घेत होते.

"डॉक्टरसाहेब, एक इचारू काय?" मैनाबाई म्हणाल्या. "राग नका मानू. त्या दिवशी तुमी सारे त्या काचेत पाहून राहिले होते. मी तं इथं पडून होती. मले कोनी इचारलंच नाई."

"काय विचारायचं होतं, मावशी?"

"कोनत्या बाजूले लागलं ते. डावीकडं लोखंड लागलं, हे मी जीपमधीच याइले सांगतलं होतं. बोलता नसतं आलं तं बोटानं दाखोलं असतं."

यशोधनने खुशालरावांकडे पाहिले.

"मले बी कोनी इचारलं नाई, साहेब," खुशालराव म्हणाले. "मी पट्टीपाशी उभा होतो."

यशोधनने हातातली फिल्म खाली ठेवली. वामनरावांनी मान खाली घातली, कारण फोटो घेताना त्यांनीसुद्धा विचारले नव्हते. आणि मी? इतकी वर्षे मी सगळ्यांना तुच्छ लेखत आले, की यांना दिसत नाही आणि मला दिसते. त्या दिवशी मी त्या बाईंच्या बरगड्या मोजल्या, हवा पाहिली, जठर पाहिले. त्यांना काही सांगायचे असेल, हे मलाही दिसले नाही. तेव्हा जो तिरस्कार मी इतरांवर ओतला, त्यातला माझा वाटा मी माझ्याकडे ठेवते.

पट्ट्या अजून लागतात. केशवराव अजून अध्यक्ष आहेत. वामनराव येत्या उन्हाळ्यात निवृत्त होतील आणि माझा हात कोण धरेल, मला माहीत नाही. कदाचित भंगारात जाईन. त्याचे मला फारसे वाटत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला पुसा. मला पुसू नका. धूळ माझ्या सवयीची आहे. पण तुमच्यातले कुणी उद्या डॉक्टर होईल, कुणी माझ्यासारखी मशीन चालवील, कुणी काउंटरवर बसेल, आणि एखाददुसरा अध्यक्षही होईल, त्याला इलाज नाही. तुमच्यासमोर खाटेवर माणूस आला, तर त्याचा फोटो खिडकीला लावण्याआधी खाली वाका, त्याच्या तोंडाशी कान न्या आणि विचारा, कुठे लागले. तो सांगेल. नाहीतर बोट दाखवील. त्याने बोट दाखवलेली बाजू उलटी लावता येत नाही.