वरच्या खोलीतली हवा

उस्ताद हिशमतने दिवाणखाना तापवणाऱ्या रेडिएटरवर हात ठेवला आणि झटक्यात मागे घेतला. पोळलाच.

"सांगत होते ना!" मुनीर खानम म्हणाल्या. "खाली हमाम आणि वर अलवंद डोंगराचं बर्फाळ शिखर. गुरुवारी नाहीद येतेय, नऊ दिवसांचं बाळ घेऊन. लेक माहेरी येणार आणि मी तिला त्या खोलीत काकडत ठेवू?"

"बघतो, खानम. पाणी मुलखाचं आळशी. वर चढायचा कंटाळा करतं, खालीच फिरून बॉयलरकडे परत पळतं."

"माझ्यावर गेलंय. माझे गुडघे तरी कुठे चढू देतात!"

हिशमत हसला, पण जिन्याकडे बघायचं त्याने टाळलं. हमदान शहरात चाळीस वर्षं तो हेच काम करत होता, आणि या घराची तर नळी न् नळी त्याला तोंडपाठ होती. तरी गेलं वर्षभर तो इथे फिरकला नव्हता. कधी पाठ धरली म्हणायचा, कधी कामांची गर्दी आहे म्हणायचा. दोनदा तर त्याने दुसऱ्या मिस्त्रीचा नंबर देऊन पाहिला. मुनीर खानम हटल्या नाहीत.

"दुसरा कुणी नको. तो आवाज तुम्ही ऐकलाय, तुम्हीच या."

ऐकला होता खरा. गेल्या हिवाळ्यात, भर दुपारी, त्यांचा फोन आला होता. त्यांचे यजमान आगा फरामर्ज़ तेव्हा वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेले, वाचा गेलेली. काही हवं असलं की ते चमच्याने रेडिएटरवर ठोकायचे आणि नळीतून ती ठकठक खाली स्वयंपाकघरात ऐकू यायची. त्या आठवड्यात ठकठक फारच वाढली होती. "धावत वर जावं तर हे गाढ झोपलेले! हे नळ्यांचं तर नाही ना, उस्ताद? ऐका बरं," म्हणत मुनीर खानमनी फोन नळीला लावला. हिशमत कुणाच्या तरी तळघरात पान्याशी झटत होता. त्याने कसंबसं दोन क्षण ऐकलं.

"हवा आहे, खानम. वर हवा अडकली की असंच वाजतं. शनिवारी येऊन काढतो. तोवर उगीच जिने चढू नका."

त्या चढल्या नाहीत. तासाभराने चहा घेऊन वर गेल्या, तेव्हा आगा फरामर्ज़ गेलेले होते. चाळिसाव्याचे विधी उरकले, खोलीला कुलूप लागलं, आणि तेव्हापासून त्या रेडिएटरला कुणी हात लावला नव्हता.

हिशमतने खालचे व्हॉल्व्ह थोडे थोडे आवळले. इथली वाट अरुंद झाली की पाणी मुकाट वर जातं. मग वाडगं घेऊन तो जिना चढला. मुनीर खानम पहिल्या पायरीशी कठडा धरून उभ्या राहिल्या.

खोली गारठली होती. पलंग नीट आवरलेला होता. रेडिएटरचा व्हॉल्व्ह गंजून चिकटला होता. पान्याचे दोन हिसके बसले तसा सुटला, आणि नळी कोमट होऊ लागली. आता उरला होता वरच्या कोपऱ्यातला हवेचा स्क्रू. हिशमत गुडघ्यांवर बसला, खाली वाडगं धरलं आणि स्क्रू फिरवला. आत हवा असली की आधी फुसफुस येते, मग पाणी.

पहिल्याच वळशाला काळं पाणी आलं. फुसफुस नाही, साधा बुडबुडाही नाही.

त्याने स्क्रू बंद केला, परत उघडला. पाणीच. हा तर शेवटच्या टोकाचा रेडिएटर. इथली हवा कुणी काढल्याशिवाय कुठे जात नाही. आज नाही म्हणजे तेव्हाही नव्हती.

"या अल्लाह, काय करून बसलो मी," तो पुटपुटला.

"उस्ताद?" खालून हाक आली. "निघाली का हवा?"

हिशमतने स्क्रू आणखी एकदा उघडून पाहिला.

"खरं सांगा हं. वर्ष झालं, माझ्या डोळ्याला डोळा नाही. चमचा वाजत होता की नळी, एवढंच मला कळू दे. हवा होती ना?"

"होती, खानम." त्याने स्क्रू घट्ट आवळला. "भरपूर होती."

"मग फुसफुस कशी ऐकू आली नाही? हे काढायचे तेव्हा इथपर्यंत यायची."

हिशमतने दाराकडे पाहिलं. मग साठी उलटलेला तो माणूस रेडिएटरपाशी वाकला, दातावर दात दाबले आणि तोंडानेच फुसफुस करू लागला. छाती रिकामी होईपर्यंत केली. श्वास घेतला, पुन्हा केली. डोळे भरून आले तरी थांबला नाही.



"बस करा, उस्ताद," मुनीर खानम हळूच म्हणाल्या. "दम लागेल तुम्हाला."

कठडा करकरला. एकेका पायरीवर थांबत त्या वर येऊ लागल्या. हिशमत काळ्या पाण्याचं वाडगं दोन्ही हातांत धरून तसाच बसून राहिला.