कपभर डिझेल

बांधावरच्या झुडपाला शेळीसुद्धा तोंड लावत नाही.

दूर कुठल्याशा समुद्रात तेलाचं जहाज अडकून पडलंय.

गहू चिकात आलाय.

धाकट्या दिराला इंजिन उगाच चाललेलं सोसत नाही.

आता या चारांची मोट बांधायची ती थोरल्या वहिनीनं. महिना झाला, पंपावर ना डिझेल, ना पेट्रोल. गव्हाला एक शेवटचं पाणी चुकलं, तर दाण्याच्या जागी नुसतं टरफल. म्हणून बाईनं पंधरा दिवस त्या झुडपांच्या बिया वेचल्या, बोटांना चिरा पाडून घेतल्या आणि घाण्यावरून तेल काढून आणलं. लोक हसले, "शेळी खात नाही ते इंजिन खाईल होय?"

मिस्त्री हसला नाही. म्हणाला, "वहिनी, सुरू करायचं डिझेलवर. तापलं की तुमचं तेल. आणि बंद करायच्या आधी पुन्हा कपभर डिझेल पाजायचं. नाहीतर ते आत गोंदासारखं बसेल. मग मला हाक मारू नका."

डिझेल होतं एक बाटली. अर्धी सुरू करायलाच गेली. उरलेली तिनं घरी नेऊन ठेवली. विहिरीवर राहिली असती तर कुणीही पळवली असती.

इंजिन धडधडलं. धुराला तळणीचा वास. दीर फावडं घेऊन पाण्यामागं धावत होता.

"वहिनी, घोडं चाललं की!"

"दृष्ट लावू नका, भाऊजी. बाटली घेऊन आलेच."

परत येताना ती निम्म्या बांधावर होती, तेवढ्यात आवाज थांबला.

"बंद पडलं?"

"छे, मीच केलं. पाट फुटला ना! पाणी चाललं रस्त्यावर. आधी इंजिन बंद, मग चिखल. आयुष्यभर हेच..."

त्याची नजर बाटलीवर गेली.

थेंब थेंब वाचवत म्हातारा होत चाललेला हात तो. त्याला काय बोलणार?

पाट चिखलानं बुजवेपर्यंत इंजिन गार पडलं. हँडल मारून मारून दोघांचे खांदे निखळायला आले. इंजिन नुसतं कण्हलं. शेवटी मिस्त्रीला फोन लावला.

"येतो की," तो म्हणाला. "फटफटीत घालायला पेट्रोल पाठवा."

वहिनी बांधावर बसली. समोर अर्धा गहू ओला, अर्धा कोरडा. मधली रेघ दोरी धरून आखल्यासारखी.

"वहिनी, बोला काहीतरी. शिव्या तरी घाला."

"बूच घट्ट लावा," ती म्हणाली. "उडून जाईल."

झुडपांची रोपं अठरा वर्षांपूर्वी एका सरकारी साहेबानं फुकट वाटली होती. बिया विकत घ्यायला पुढच्या वर्षी येतो, म्हणाला होता.